शनिवारचं टेबल सोडायचं का? एका पोकर खेळणाऱ्याचं प्रकरण

गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावरचे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी, हातात येणारा पगार ७२,००० रुपये, घराचा हप्ता २४,००० रुपये. पत्नी शिक्षिका, मुलगी आठवीत, घर त्रिमूर्तीनगरात. गेली दोन वर्षं दर शनिवारी रात्री दहाला बेसा रस्त्यावरच्या एका मित्राच्या फ्लॅटवर पोकर, आणि घरी परतायला साडेतीन. पत्नीनं एकदाच तोंड उघडलं, तेही भांडण म्हणून नाही. "शनिवारी तुम्ही कुठे असता ते मला माहीत आहे. रविवारी कुठे असता ते सांगा न."

यावर त्यांचं उत्तर होतं, "पण मी तर जिंकून राहिलो आहे." हे प्रकरण त्या उत्तरापासून सुरू होतं. हा चेहरा कुणा एका माणसाचा नाही. अशा घरगुती टेबलांवर जे घडतं त्यातून तो नमुन्यादाखल बांधला आहे, त्यामुळे रकमा नमुन्याच्या; त्यांमागचं गणित आणि कायदा मात्र खरा.

टेबल असं: आठ खेळाडू, नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मधे पाच सामाईक, आणि हव्या तेवढ्या चिप्स लावायची मोकळीक), ब्लाइंड १०-२० रुपये, म्हणजे दर डावाआधी दोघांनी आळीपाळीनं सक्तीनं टाकायचे पैसे; वीसचा तो मोठा ब्लाइंड. बाय-इन, म्हणजे बसताना चिप्स घ्यायची रक्कम, २,००० रुपये, म्हणजे शंभर मोठे ब्लाइंड. चिप्स संपल्या की पुन्हा घेणं, म्हणजे रीबाय, कितीही वेळा. पत्ते खेळाडूच पिसतात आणि गप्पा चालू असतात, त्यामुळे तासाला पंचवीसच डाव होतात. पाच तासांचे सव्वाशे. लग्नं, गणपती, मुलीच्या परीक्षा वगळता वर्षात ४४ शनिवार खेळले गेले. म्हणजे वर्षाचे साडेपाच हजार डाव. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वही एक सांगते, बँक दुसरं

गृहस्थ लेखापाल, त्यामुळे हिशोब ठेवला होता. मोबाइलच्या नोंदींत वर्षाचा निव्वळ आकडा होता: अधिक १८,६०० रुपये. यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. माणूस खोटारडा असतो म्हणून नव्हे. हरलेल्या रात्री साडेतीनला घरी येऊन कोणी नोंद करत नाही, आणि सकाळी ती करायची राहून जाते.

तपासणी सोपी आहे, एका दुपारचं काम. बँकेच्या ॲपमधून बारा महिन्यांचं विवरणपत्र काढायचं, एक्सेलमध्ये टाकायचं. टेबलावरच्या सगळ्यांची नावं आणि यूपीआय आयडी शोधून त्या ओळी वेगळ्या करायच्या. शनिवार-रविवारच्या एटीएम उचली वेगळ्या रंगात. सोमवारी-मंगळवारी यजमानाला गेलेले पैसे तिसऱ्या रंगात, कारण ते बहुधा शनिवारच्या उधारीचे असतात. मग प्रत्येक शनिवारची बेरीज मोबाइलच्या नोंदीशेजारी ठेवायची.

४४ रात्रींपैकी नोंदी सापडल्या ३७ रात्रींच्या. उरलेल्या सात रात्री बँकेतून उभ्या केल्या तेव्हा त्या सातही हरलेल्या निघाल्या: उणे १७,९०० रुपये. झाले अधिक ७००. शिवाय यजमानाला चहा-नाश्ता, एसी, पत्त्यांचे नवे जोड यांसाठी दर रात्री ३०० रुपये द्यायचे. ते चिप्समध्ये धरलेच नव्हते: १३,२००. पेट्रोल आणि परतीच्या वाटेवरचं खाणं रात्रीला दीडशे: ६,६००. एकूण वर्षाचा निकाल उणे १९,१०० रुपये.

इथे बहुतेक लोक म्हणतील, संपलं, सोडा. पण घाई नको. १९,१०० म्हणजे महिन्याला सुमारे १,६०० रुपये, हातातल्या पगाराच्या सव्वादोन टक्के. खेळाचे पाच तास आणि जाण्या-येण्याचा एक असे वर्षाचे २६४ तास धरले तर तासाला ७२ रुपये. या भावात शहरात दुसरा कोणता छंद मिळतो? आणि गंमत अशी की रविवारची झोपेत गेलेली सकाळ, चार-चार तास, यात मिळवली तर एकूण ४४० तास होतात आणि दर उतरतो ४३ रुपयांवर. तासाच्या हिशोबात जितकं नुकसान जास्त मोजाल तितका छंद स्वस्त दिसतो. म्हणून हा हिशोब निर्णयासाठी वापरायचा नाही. तो फक्त एवढंच सांगतो की पैशानं हे घर बुडत नाहीये, आणि "जिंकून राहिलो" हे खरं नाही.

करापुरतं एक. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेल्या रात्रींची वजावट मिळत नाही. म्हणजे वर्षअखेर तोट्यात असलेल्या माणसालाही जिंकलेल्या रात्रींवर कर लागू शकतो. लेखापाल माणसाला हे माहीत होतं. त्यांनी विषय बदलला.

वर्षाच्या निकालावरून कौशल्य कळत नाही

निकाल अधिक १८,६०० असता तरी "मी चांगला खेळतो" हे सिद्ध झालं असतं का? नाही. पोकर खेळणाऱ्यांपैकी फार थोडे हे स्वतःला लावून पाहतात.

नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण ८० ते १०० मोठे ब्लाइंड असतो. मधला ९० धरू. साडेपाच हजार डाव म्हणजे शंभराचे ५५ गठ्ठे. ५५ चं वर्गमूळ ७.४, गुणिले ९०, म्हणजे ६६७ मोठे ब्लाइंड. वीस रुपयांच्या हिशोबानं १३,३०० रुपये. ज्याचं कौशल्य टेबलाच्या अगदी बरोबरीचं आहे, तोही सहांतल्या एका वर्षी १३,३०० पेक्षा जास्त जिंकेल आणि सहांतल्या एका वर्षी तेवढेच हरेल. निव्वळ पत्त्यांमुळे.

समजा त्यांची खरी सरशी शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड आहे. ती नशिबापासून वेगळी दिसायला, म्हणजे दोन प्रमाण विचलनांच्या खात्रीनं, सुमारे १ लाख ३० हजार डाव लागतात. शनिवारच्या टेबलावर तेवढे डाव व्हायला तेवीस-चोवीस वर्षं लागतील. मुलगी आठवीतून निघून स्वतःच्या संसाराला लागलेली असेल.

तेव्हा "जिंकतोय का" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वहीत नाही आणि त्यांच्या हयातीत फार उशिरा मिळणार आहे. छंद ठेवायचा की सोडायचा हे त्यावर टांगून ठेवण्यात अर्थ नाही. बघायचं ते वेगळं: हा खेळ स्वतःच्या जागेत राहतो की बाहेर सांडतो?

रात्री एकनंतरचं टेबल

याचं उत्तर विवरणपत्रातच होतं, रकमेच्या रकान्यात नव्हे, वेळेच्या रकान्यात. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला वेळ असते. वर्षभरातले ४१ रीबाय वेळेप्रमाणे लावले: बाराच्या आत ११, बारा ते एक ७, एकनंतर २३. आणि ज्या सात रात्रींची नोंद नव्हती, त्यांतल्या पाच रात्री शेवटचा रीबाय दोननंतरचा होता.

एकनंतर काय बदलतं? खेळ तोच, माणसं तीच, पण टेबलाचा दर बदलतो, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. आठ जण असताना प्रत्येक फेरीत ब्लाइंडचे ३० रुपये जातात, म्हणजे डावाला पावणेचार रुपये. एकला तिघं उठतात, पाच उरतात: डावाला सहा रुपये. मग कुणीतरी म्हणतं, "चला, आता पंचवीस-पन्नास करू, मजा येईल." पाच जणांत २५-५० म्हणजे डावाला १५ रुपये. नुसतं बसून राहायचा खर्च चौपट झाला. तासाला ९४ रुपयांऐवजी ३७५. दोन हजारांचा रीबाय आता शंभर नव्हे, चाळीसच मोठे ब्लाइंड आहे. दोन डाव चुकले की संपला. गृहस्थांची शैली चांगल्या पत्त्यांची वाट पाहण्याची. आठ जणांत ती चालते, पाच जणांत तीच ब्लाइंड खाऊन टाकते.

उरतात कोण, हेही बघावं. उरतात हरलेले, ज्यांना भरून काढायचं आहे. आणि एखादा, जो रात्रभर फक्त पाणी पीत असतो.

आणि मग चूक होते ती अज्ञानानं होत नाही. नमुना म्हणून एक डाव. टर्नवर, म्हणजे मधला चौथा पत्ता उघडल्यावर, पॉट (मधे जमलेले पैसे) १,२०० रुपये, समोरचा १,००० लावतो. यांच्या हातात बदामाचा फ्लश (पाचही पत्ते बदामाचे) व्हायला एक पत्ता कमी. न दिसलेले पत्ते ४६, उपयोगाचे ९, म्हणजे शक्यता १९.६ टक्के. २,२०० जिंकण्यासाठी १,००० टाकायचे, तर निदान ३१ टक्के हवेत. असा प्रत्येक कॉल, म्हणजे समोरच्याइतके पैसे टाकणं, सरासरी ३७० रुपयांना पडतो. साडेदहाला विचारा, हे गणित ते चहाचा कप खाली न ठेवता सांगतात आणि पत्ते फेकतात. दोनला, आठशे रुपये खाली असताना, तोच कॉल करतात. रात्री असे दोन कॉल म्हणजे साडेसातशे रुपये. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. सुधारणा म्हणून लोक आणखी पुस्तकं वाचतात, आणखी व्हिडिओ बघतात. त्यानं साडेदहाचा खेळ सुधारतो. दोनचा तसाच राहतो, कारण दोनला माणूस वेगळा असतो.

साधा उपाय आहे: साडेबाराला उठणं. त्यांनी तो वर्षात नऊ वेळा ठरवला होता आणि दोन वेळा पाळला. ही नोंद त्यांचीच, मोबाइलमधली.

नाल

मधल्या काळात टेबलही बदललं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. भारतातल्या पोकर ॲपांनी पैशाचे खेळ बंद केले. आठवडाभर मोबाइलवर थोडं-थोडं खेळणारे लोक शनिवारी एकदम टेबलावर आले. जागा कमी, हौस जास्त. यजमानानं ३०० रुपयांची वर्गणी बंद केली आणि प्रत्येक पॉटमधून पाच टक्के काढायला सुरुवात केली. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरचा जुना शब्द त्याला आहे: नाल.

रकमेत फारसा फरक नाही, हे आश्चर्याचं. सरासरी पॉट ४०० रुपये धरला तर डावाला २० रुपये, सव्वाशे डावांत २,५०० रुपये. आधी आठ जणांचे तीनशे-तीनशे मिळून २,४०० होतेच. पण टेबलाच्या भाषेत बघा: शंभर डावांत प्रत्येकामागे साडेबारा मोठे ब्लाइंड टेबलावरून उठून यजमानाच्या डब्यात जातात. तेवढं जिंकल्यावर माणूस शून्यावर येतो. वर गृहीत धरलेली पाच ब्लाइंडची सरशी या नालेखाली कधीच गाडली गेली.

कायद्यात मात्र फरक मोठा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. कलम ४ जुगाराचं घर चालवणाऱ्याला, कलम ५ तिथे खेळताना सापडलेल्याला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ सूट देतं. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली, त्याच निकालात तीन पत्ती निव्वळ नशिबाची म्हटली, आणि तिथेच हेही सांगितलं की जागेचा मालक किंवा क्लब खेळातून नफा काढत असेल तर रमीतसुद्धा गुन्हा सिद्ध होऊ शकतो. पोकरच्या बाबतीत उच्च न्यायालयांचा सूर एक नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो जुगारात धरला. तेव्हा "पोकर कौशल्याचा खेळ आहे" हे वाक्य दारात पोलीस उभे असताना फार कामाचं नाही, आणि डब्यात नाल असेल तर मुळीच नाही. पोळ्याच्या दिवसांत विदर्भात पत्त्यांचे डाव बसतात आणि छापेही पडतात, हे नागपुरात कुणाला सांगायला नको. लेखा विभागातल्या माणसाचं नाव अशा कागदावर येणं म्हणजे काय, हे त्यांना न सांगता कळलं.

नऊ प्रश्नांचा कागद

इथे व्यसनाचा प्रश्न थेट विचारला. त्यासाठी प्रॉब्लेम गॅम्ब्लिंग सिव्हिरिटी इंडेक्स नावाची नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. गेल्या बारा महिन्यांबद्दल उत्तर द्यायचं: कधीच नाही ०, कधीकधी १, बहुतेक वेळा २, जवळजवळ नेहमी ३. झेपेल त्यापेक्षा जास्त लावलं का. तीच मजा यायला रक्कम वाढवावी लागली का. हरलेलं परत मिळवायला पुन्हा गेलात का. त्यासाठी उधार घेतलं किंवा काही विकलं का. आपल्याला त्रास आहे असं वाटलं का. ताण, चिंता, तब्येत यांवर परिणाम झाला का. लोकांनी टोकलं का. घराला पैशाची अडचण आली का. अपराधी वाटलं का. एक-दोन गुण कमी जोखमीचे, तीन ते सात मध्यम, आठ किंवा जास्त म्हणजे प्रकरण गंभीर.

गृहस्थांचे आले सहा. हरलेलं परत मिळवायला जाणं २. रक्कम वाढवणं, उधारी, लोकांचं टोकणं आणि अपराधीपण प्रत्येकी १. तब्येतीला त्यांनी शून्य दिलं. दर रविवारी साडेदहाला उठणाऱ्या माणसाचं हे शून्य आम्हांला पटलं नाही, पण कागद त्यांचा होता.

सहा आहे म्हणून पुढचा मार्ग खुला राहतो. आठ किंवा जास्त गुण असतील, मुलांची फी किंवा हप्ता चुकला असेल, घरच्यांपासून कर्ज लपवलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर "तीन महिने बंद ठेवून बघू" हे प्रयोग करायचे नसतात. अशा वेळी थेट मानसोपचारतज्ज्ञ, आणि रात्री-अपरात्री टेलि-मानस, १४४१६, जे चोवीस तास आणि मराठीतही चालतं. घरातले पैशाचे व्यवहार तेवढ्यापुरते दुसऱ्याच्या हातात.

नव्वद दिवस

निर्णय लगेच घेतला नाही. आधी नव्वद दिवस बंद, आणि नव्वद दिवसांनंतर कशावरून ठरवायचं ते आधीच लिहून ठेवायचं. हा क्रम महत्त्वाचा. अटी नंतर लिहिल्या तर त्या मनाजोग्या निघतात.

कागदावर दोन बाजू होत्या. टेबलासाठी चार अटी: नाल नाही, उधारी नाही, ब्लाइंड १०-२० वरून हलणार नाही, शेवटचा डाव साडेबाराला. चारही मान्य झाल्या तर महिन्यातून एकदा जायला हरकत नाही. स्वतःसाठी एकच: नव्वद दिवसांत खेळासंबंधी काहीही पत्नीपासून लपवलं, तर पैशाचं पोकर कायमचं बंद, टेबल कसंही असो.

यजमानाला प्रत्यक्ष भेटून सांगायचं ठरलं, आणि काय सांगायचं तेही. "या शनिवारी जमत नाही" म्हटलं की पुढच्या शनिवारचं आमंत्रण पक्कं होतं. "बायको नाही म्हणते" म्हटलं की टेबलाला रात्रभराचा विषय मिळतो. "तीन महिने बंद आहे" एवढंच, कारण न देता. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: "एक सीट खाली पडून राहिली न भाऊ, दोन घंटे तरी ये." त्यावर तेच वाक्य पुन्हा. तिसऱ्या वेळी विचारणं थांबलं. व्हॉट्सॲप गट सोडला नाही, नुसता आवाज बंद केला. ही चूक होती, पुढे कळेल. बँकेच्या ॲपमधून यूपीआयची दिवसाची मर्यादा खाली आणली. घरात पडलेल्या तीनशे चिप्सच्या पेटीला मात्र कुणी हात लावला नाही.

शनिवारची रात्र रिकामी ठेवून चालत नाही, आणि "सकाळी फिरायला जा" हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण पोकर जे देतं ते फिरणं देत नाही. पोकर दोन गोष्टी देतं: झाकलेल्या माहितीवरून अंदाज बांधायचं काम, आणि सात माणसं. दुसरी गोष्ट मोठी. या गृहस्थांना नागपुरात कचेरीबाहेर ओळखीची प्रौढ माणसं तेवढीच होती. बुद्धिबळ सुचवणारे भेटतात, आणि दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक आणल्यापासून नागपुरात तर जास्तच. पण बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं आणि बोलायची सोय नाही. जवळचा खेळ ब्रिज. पत्ते झाकलेले, जोडीदार समोर, आणि डुप्लिकेट पद्धतीत तेच वाटलेले पत्ते प्रत्येक टेबलावर खेळले जातात, त्यामुळे पत्ते वाईट आले ही सबब राहत नाही. जकार्ताच्या २०१८ च्या एशियाडमध्ये भारताला ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण मिळालं तेव्हा थोडे दिवस चर्चा झाली होती. अडचण एवढीच की ब्रिजमधली बोली लावायला शिकायला तीन-चार महिने जातात आणि नियमित चौघं लागतात. यांना दोघं मिळाले.

पहिले तीन आठवडे शनिवारी दहा वाजले की बेचैनी. दुसऱ्या शनिवारी ते दीडपर्यंत पोकरचे व्हिडिओ बघत बसले. हे खेळण्यातच धरायचं, कारण रविवार तसाच जातो. चौथ्या आठवड्यात मुलीला सकाळी सातला बॅडमिंटनला सोडलं, परतीला कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे. रविवार सापडला, असं पत्नी म्हणाली.

सहाव्या आठवड्यात आवाज बंद केलेल्या गटावर एक लिंक आली. मोबाइलवरचा खाजगी क्लब, चिप्स एजंटकडून यूपीआयनं घ्यायच्या, जिंकलेले तोच परत पाठवणार. असे क्लब वर सांगितलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याच्या सरळ विरुद्ध आहेत. एजंट गायब झाला तर तक्रार कुठे करणार? आणि वेगळाच धोका असा की एजंटच्या खात्यात फसवणुकीचे पैसे फिरलेले असतील तर सायबर तक्रारीच्या साखळीत तुमचं पगाराचं खातंही गोठू शकतं. ते मोकळं करायला दूरच्या राज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करावा लागतो. गृहस्थांनी हजार रुपये टाकले, पाऊण तासात गेले. पत्नीला सांगितलं नऊ दिवसांनी.

काय ठरलं

नव्वद दिवसांनंतर यजमानासमोर चार अटी ठेवल्या. ब्लाइंड आणि उधारी यांवर तो तयार होता. नाल बंद होणार नाही, साडेबाराला उठायला बाकीचे तयार नाहीत. यात त्याची चूक काढण्यासारखं काही नाही. टेबल आता त्याचं उत्पन्न आहे. त्या टेबलापुरता निर्णय तिथेच संपला.

पण तो व्हायच्या आधीच दुसऱ्या बाजूची अट मोडली होती. हजार रुपये ही रक्कम नाहीच. वर्षाच्या १९,१०० मध्ये ती दिसलीही नसती. नऊ दिवस ही रक्कम आहे. वर्षभरातल्या सात न लिहिलेल्या रात्री आणि हे नऊ दिवस एकाच जातीचे आहेत, आणि दोन्हींत पैशाचा आकडा लहान होता. गृहस्थांनी थोडा वाद घातला: ॲप वेगळं, टेबल वेगळं, रक्कम क्षुल्लक, शिवाय सांगितलं तर होतंच. कागद काढून दाखवला. "काहीही" हा शब्द त्यांच्याच अक्षरात होता. पैशाचं पोकर बंद.

बिनपैशाचं? ते बसत नाही असा अनुभव आहे. चिप्सची किंमत शून्य झाली की तिसऱ्या डावाला सगळे ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात. चालवायचंच तर स्पर्धेच्या धाटणीनं: प्रत्येकाला ५,००० चिप्स, रीबाय नाही, ब्लाइंड २५-५० पासून दर वीस मिनिटांनी वाढवत अकराव्या टप्प्याला १,०००-२,००० वर न्यायचे. आठ जणांत एकूण ४०,००० चिप्स, म्हणजे तोवर टेबलावर वीसच मोठे ब्लाइंड उरतात आणि खेळ पावणेचार तासांच्या आसपास आपोआप संपतो. आठला बसलं तर बाराच्या आत घरी. गुणतक्ता ठेवायचा, वर्षअखेर शेवटच्यानं सगळ्यांना सावजीचं जेवण द्यायचं. जुन्या सात जणांपैकी तिघांनी होकार दिला आहे. हे लगेच सुरू करू नये, निदान सहा महिने तरी नको, असं आमचं मत. गृहस्थांना ते पटलेलं नाही.

बाकीची आवराआवर किरकोळ. यजमानाचे ३,५०० रुपये उधार होते ते दिले, आणि त्याच संध्याकाळी गट सोडला. चिप्सची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. एजंटचा नंबर ब्लॉक. विवरणपत्राची ती रंगवलेली एक्सेल शीट पत्नीकडे.

दिवाळीचा प्रश्न उरला होता. सासरी वर्ध्याला भाऊबीजेच्या रात्री तीन पत्तीचा डाव बसतो, दहा-दहा रुपयांचा, सासऱ्यांपासून भाच्यांपर्यंत सगळे. त्यासाठी कागदावर एक ओळ वाढवली: बसायचं नाही, पिसूनही द्यायचे नाहीत. "पिसूनही द्यायचे नाहीत" हे गृहस्थांनी नंतर जोडलं. शाई वेगळी आहे.